न दुखणारा डोळा

लहान मुलांनाही संधिवात होतो हे मला माहीत नव्हते. आमच्या गावात कोणालाच माहीत नव्हते. संधिवात म्हाताऱ्यांना होतो, किंवा धानाची रोवणी करून करून गुडघे गेलेल्या बायांना होतो, असेच आम्ही समजत होतो. मला तो सातवीत असताना झाला. आता मी भंडाऱ्याला कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच.

मला लिहायची सवय नाही. प्रयोगवहीच्या बाहेर मी फारसे काही लिहिलेले नाही. पण मागच्या वेळी नागपूरच्या दवाखान्यात बाकावर एक ताई शेजारी बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर लहान मुलगी होती आणि तिचा एक गुडघा सुजलेला होता. मला काय झाले आहे ते त्यांनी विचारले, मी सांगितले. मग त्या म्हणाल्या, "पाय बरा झाला की झालं, नाही का?" मी काही बोलणार तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला आणि त्या आत गेल्या. बाहेर येईपर्यंत माझाही नंबर लागला होता. त्यांना उत्तर द्यायचे राहिले. ते उत्तर मी इथे लिहिते आहे. मला ते नीट जमेल की नाही माहीत नाही.

सकाळचा पाय

सुरुवात डाव्या गुडघ्यापासून झाली. सकाळी उठले की पाय सरळ होत नसे. मी भिंतीला धरून संडासापर्यंत जात असे. दादा मला सायकलवर मागे बसवून शाळेत सोडायचा. पण दुपार होईपर्यंत पाय सुटायचा आणि मी मुलींबरोबर खो-खो खेळायचे. त्यामुळे माझ्यावर कोणाचा विश्वास बसत नव्हता. शाळेतल्या बाई म्हणायच्या की प्रार्थनेला लंगडतेस आणि खेळाच्या तासाला बरी होतेस, हे कसे? मलाही ते कळत नव्हते. कधी कधी वाटायचे, आपण खरेच सोंग करतो आहोत की काय.

गुडघा लाल नव्हता. नुसता फुगलेला आणि गरम होता, उन्हात राहिलेल्या पाण्याच्या हंड्यासारखा. आई रोज सकाळी त्यावर हात ठेवून बघायची. तिचा हात जरा जास्त वेळ तिथे राहायचा.

आम्हाला माहीत असलेले दुखणे

आमच्या भागात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. तो रक्ताचा आजार आहे, आईबापाकडून येतो. माझ्या मोठ्या भावाला, सुमेधदादाला, तो आहे. त्याला झटका आला की हातपाय, कंबर, सांधे असे दुखतात की तो उशी चावतो. दादाच्या झटक्यात काय करायचे हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होते. भरपूर पाणी पाजायचे, अंगावर पांघरूण घालायचे, गरम कपड्याने शेकायचे, गोळी द्यायची, आणि तरी थांबले नाही तर गाडी बघायची.

शाळेत रक्त तपासले तेव्हा मी सिकलची वाहक निघाले. म्हणजे ते माझ्या रक्तात आहे, पण मला आजार नाही. आमच्या गावात मात्र वाहकाला अर्धा सिकल म्हणतात. त्यामुळे माझा गुडघा सुजला तेव्हा कोणी घाबरले नाही. घरात दुखण्याचे एक नाव होते, ते मलाही लागले. "दोघांचंही रगत एकच ना," आई म्हणाली. गावाजवळच्या डॉक्टरांनीही मान डोलावली. मी जवळजवळ वर्षभर पाणी पीत राहिले, शेकत राहिले. आई मोहाचे तेल कोमट करून गुडघ्याला चोळायची. तेवढ्या वेळापुरते बरे वाटायचे.

दादालाच ते पहिल्यांदा खटकले. तोवर माझ्या डाव्या हाताची बोटेही आखडू लागली होती आणि पाय दुपारीही सरळ होत नव्हता. एक दिवस जेवताना तो बाबांना म्हणाला, "माह्यं दुखणं येते अन् जाते. हिचं बसूनच आहे. हे आपल्या घरातलं नाई, दुसरं काही आहे."

बाबांचा घास हातातच राहिला. ओळखीचा आजार निदान ओळखीचा तरी होता.

नागपूरचा दिवस

पवनीहून सकाळच्या गाडीने आई, बाबा आणि मी निघालो. मोठ्या दवाखान्यात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्यात दुपार झाली. शेवटी ज्या डॉक्टर मॅडमकडे पाठवले त्या मुलांच्या सांध्यांचेच बघायच्या. त्यांनी माझे एकेक बोट, मनगट, कोपर, घोटा अंगठ्याने दाबून पाहिला. घाई केली नाही. जबडाही उघडायला लावला. मग त्यांनी संधिवात असे नाव घेतले.

बाबा हसले. त्यांना काय करावे ते सुचले नाही की ते हसतात. "मॅडम, पोरगी बारा वर्षाची आहे," ते म्हणाले.

मॅडमनी समजावून सांगितले. शरीराचा राखणदार बिघडतो आणि घरच्याच माणसावर धावून जातो, तसे काहीसे. का होते ते नक्की सांगता येत नाही. आईच्या खाण्यापिण्याने नाही, मुलीच्या खेळण्याने नाही, कोणाच्या चुकीने नाही. औषध बरीच वर्षे घ्यावे लागेल. बरीच मुले चांगली होतात, धावतात, शाळा-कॉलेज करतात. हे ऐकताना आईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर तिथे वळ दिसत होता.

निघताना मॅडम म्हणाल्या की वरच्या मजल्यावर डोळे दाखवून या.

"डोळ्याले काहीच नाई झालं तिच्या," बाबा म्हणाले.

"म्हणूनच दाखवायचे," मॅडम म्हणाल्या. "हा आजार डोळ्यात शिरला तर आवाज करत नाही. दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. मुलाला कळत नाही, आईबापाला कळत नाही. दर तीन महिन्यांनी दिव्याच्या यंत्रावर बघितले तरच कळते."

त्या दिवशी डोळे स्वच्छ निघाले. परतीच्या गाडीत बाबा गुडघ्याबद्दलच बोलत राहिले. कमोड बसवावा लागेल, शाळेत बाक मागावा लागेल, सायकलची सीट खाली करावी लागेल. डोळ्यांबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. मी खिडकीतून बाहेर बघत होते. सगळे नीट दिसत होते.

रविवारची गोळी

मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती. रोज घेतली तर ती विषासारखी आहे असे मॅडमनी बजावले होते. आईने ते पाकीट घरातल्या बुद्धमूर्तीच्या मागे ठेवले, म्हणजे कोणाचा हात चुकून जाणार नाही. गोळीचा वार रविवार ठरला. सोमवारी दिवसभर मळमळायचे. पुढे पुढे तर शनिवारपासूनच जीभ कडू व्हायची. त्या गोळीचा त्रास कमी व्हावा म्हणून दुसरी एक पिवळी गोळी होती, तीच दादालाही रोज चालू होती. तो म्हणायचा, "चला, एका गोळीत तरी आपण सख्खे भाऊबहीण."

मधूनमधून रक्त तपासायला नागपूर. ज्या वॉर्डात बसायचो तिथे माझ्याहून लहान मुले असायची. एक सिस्टर सुई टोचण्याआधी माझे हात आपल्या दोन्ही हातांत धरून गरम करायच्या, शीर लवकर सापडावी म्हणून. मला मात्र तेवढ्यासाठी तिथे जावेसे वाटायचे. घरी आई उजाडायच्या आधी चुलीवर पाणी ठेवायची. गरम पाण्याने अंघोळ केली की बोटे अर्धी सुटायची. अशा छोट्या गोष्टींवर दिवस निघत होते.

गावाला आम्ही खरे सांगितले नाही. आईबाबांचे यावरून भांडणही झाले. संधिवात म्हटले की लोक विचारणार, एवढ्या लहान पोरीला कसा, पुढे हिचे लग्न कसे, मुले कशी. सिकल म्हटले की कोणी काही विचारत नव्हते. मान हलवून पुढे जात होते. म्हणून आम्ही सिकलच सांगत राहिलो. सांगता सांगता, मला वाटते, आम्हीही थोडे तसेच वागू लागलो. सिकलमध्ये दुखले तरच दवाखान्यात जायचे असते, निदान आमच्या घरात तरी तीच रीत होती.

तांदळातले खडे

दीड-दोन वर्षांत गुडघा उतरला. मी नववीत सायकल चालवू लागले. बोटे तेवढी राहिली होती. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी सांगितले की बोटांनी बारीक काम करत जा. आई म्हणाली, "मंग तांदूळ निवडत जाय." बाबा राईस मिलमध्ये कामाला होते, आमचे धान तिथेच भरडले जायचे. तांदूळ खळ्यावरची माती आणि खडे घेऊनच घरी येई. तेव्हापासून सूप माझ्याकडे आले. रोज संध्याकाळी ओसरीवर बसून मी उद्याचे तांदूळ निवडायचे. मला ते काम आवडायचे. खडे चिमटीत येऊ लागले तशी मला आपण बरे होत असल्याची खात्री वाटू लागली.

त्याच काळात डोळ्यांच्या तारखा सुटत गेल्या. एक तारीख धान कापणीत आली. एका तारखेला दादा झटक्याने भरती होता, आणि आईला दोघांपैकी एकाजवळच राहता येत होते. पुढच्या वेळी बाबा म्हणाले की रक्ताच्या वेळी एकदमच दाखवू. तोवर माझे काहीच दुखत नव्हते.

मग जेवणात खडे येऊ लागले. पहिला बाबांच्या दाताखाली आला. ते गालात हात घालून म्हणाले, "मिलमधल्या माणसाच्या घरी खडे. मालकाले सांगू नोको बापा, मले काढून टाकन." आम्ही सगळे हसलो. दुसऱ्या दिवशी दादाला आला. मग रोजच कोणाला तरी यायला लागला. आईला वाटले, बोटे पुन्हा आखडली. मलाही तेच वाटले. ती सकाळ-संध्याकाळ माझे हात गरम पाण्यात धरू लागली, मी व्यायाम दुप्पट केला. बोटे चांगली वळत होती. खडे मात्र येतच राहिले.

एक दिवस दुपारी बाबा जेवून उठले. त्यांनी खडे ताटाच्या काठाला लावून ठेवले होते. आई ताट उचलायला वाकली आणि तशीच थांबली. मग तिने मला बोलावले.

"हे पाह्य," ती म्हणाली. "सगळे पांढरे."

मी पाहिले. खरेच सगळे पांढरे होते. काळे आणि लाल खडे मी एकूण एक काढत होते. तांदळाच्या रंगाचे तेवढे राहत होते.

आईने सूप माझ्या मांडीवर ठेवले आणि आपला तळहात माझ्या उजव्या डोळ्यावर धरला. तिच्या हाताला हळदीचा वास येत होता. "आता सांग, सुपात काय दिसून राहिलं?"

सुपाची कड दिसत होती. आत काहीच नव्हते. नुसते पांढरे होते, भाताच्या पेजेतून बघावे तसे. मला वाटले तिचा हात दोन्ही डोळ्यांवर आहे. मी हाताने चाचपून पाहिले. डावा डोळा उघडाच होता.

आईने हात काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. जणू एखाद्या वेळी वेगळे काही होईल.

दिवा

नागपूरला त्या दिव्याच्या यंत्रावर हनुवटी ठेवावी लागते आणि कपाळ पट्टीला टेकवावे लागते. मग उजेडाची एक उभी चीर डोळ्यावरून सरकते. दुखत नाही. डोळ्यांच्या मॅडम उजव्या डोळ्यात थोडा वेळ बघत होत्या आणि डाव्या डोळ्यात खूप वेळ. पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता.

त्यांनी सांगितले की सूज बऱ्याच महिन्यांपासून आहे. बाहुली आत चिकटली आहे, ती आता गोल राहिलेली नाही. मोतीबिंदूही धरतो आहे. दोन्ही डोळे उघडे असले की डाव्याचे धुके उजव्याच्या दिसण्यातही मिसळते, म्हणून पांढरे खडे सुटत होते.

बाबा म्हणाले, "मोतीबिंदू माह्या मायले झाला होता मॅडम. म्हातारपणी." या वेळी ते हसले नाहीत.

आई भिंतीजवळ उभी होती. ती हळू म्हणाली, "दुखलं असतं तं आम्ही आणलं असतं ना."

"हो," मॅडम म्हणाल्या. "म्हणूनच तर तारीख असते."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर आईला बरे वाटले असते, असे ती नंतर मला म्हणाली.

मग दर तासाला थेंब सुरू झाले, सांध्यांचे औषध वाढले, इंजेक्शन सुरू झाले. सूज शांत झाल्यावर पुढे ऑपरेशनही झाले. त्या डोळ्याची नजर थोडी परत आली, बरीचशी आली नाही. उजव्या डोळ्याबद्दल मॅडमनी लिहिले होते की अजून काही नाही. घरी बाबांनी तो कागद मोठ्याने वाचला आणि 'अजून' या शब्दावर अडखळले. तेव्हापासून तो शब्द आमच्या घरात राहायला आला आहे.

त्या ताईंसाठी

ताई, पाय बरा झाला की झाले नाही. मी हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. तुमची मुलगी धावेल, बहुतेक माझ्यापेक्षा चांगली. सकाळी तिला ओरडू नका, ती सोंग करत नाही. गरम पाणी द्या, शाळेत सांगा, खेळू द्या. तिच्या आजाराला त्याच्याच नावाने हाक मारा, दुसऱ्या कुठल्या सोप्या नावाने नको. औषध आपल्या मनाने थांबवू नका आणि वाढवूही नका. आणि पाय कितीही छान असला तरी डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला तिला दिव्यावर न्या. डोळा दुखतो का, असे तिला विचारून उपयोग नाही. ती नाही म्हणेल आणि ते खरेच असेल.

एवढेच लिहून मी थांबणार होते. शेवटी मला हेही सांगायचे होते की माझे बरे चालले आहे. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला एकच डोळा लागतो, तिथे मी वर्गातल्या कोणाच्याही मागे नाही. बाकीच्या मुली एक डोळा मिटायचा कसा ते शिकत होत्या तेव्हा मला आतून हसू आले होते. उजव्या डोळ्याची एकही तारीख आम्ही परत चुकवलेली नाही.

दोन तारखांच्या मधल्या काळासाठी आईने आपली एक रीत काढली आहे. मी गावाहून वसतिगृहात परतताना ती निवडलेल्या तांदळाची एक पुरचुंडी देते. त्यात तिने स्वतः पांढरे खडे टाकलेले असतात. किती, ते ती सांगत नाही. मी डावा डोळा मिटून ते वेचायचे आणि फोनवर आकडा सांगायचा. आजवर आकडा नेहमी जुळला. ती "बरोबर" म्हणते आणि मग जेवलीस का ते विचारते. डोळ्यांच्या मॅडमना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या की करा, पण यावर विसंबू नका. तांदूळ सांगेल तेव्हा उशीर झालेला असेल. दिवा आधी सांगतो.

पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

आज दुपारी कॉलेजातून आल्यावर मी टेबलावर वर्तमानपत्र पसरले आणि पुरचुंडी उघडली. खिडकीतून चांगले ऊन येत होते. सावकाश निवडले. मग आईला फोन लावून आकडा सांगितला.

पलीकडून नुसता चुलीवर काहीतरी शिजत असल्याचा आवाज येत होता.

"आई?"

"पुन्यांदा पाह्य," ती म्हणाली. "उजेडात बसून पाह्य."

मी पुन्हा पाहिले. बोटाने एकेक दाणा सरकवला. तोच आकडा सांगितला.

"उद्या पहिल्या गाडीनं येतो मी," आई म्हणाली. "तू स्टँडवर ऱ्हा. कॉलेजले सुट्टी टाक. नागपूरले जाऊन येऊ."

"किती टाकले होते?"

"आल्यावर सांगतो." मग तिने विचारले, "जेवली का?"

मी हो म्हटले.

तांदूळ अजून माझ्यासमोर टेबलावर आहेत. ऊन अजून आहे. मी त्यांच्याकडे बघते आहे. सगळे पांढरे, स्वच्छ आहेत. मला त्यात एकही खडा दिसत नाही.